सुडो कुठे लावायचा, कुठे नाही: रूटची परवानगी लागणाऱ्या ऑटोमेटेड टेस्ट चालवण्याची रीत

नव्या टीममध्ये रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे घडतं. रिपॉझिटरी (प्रकल्पाचा कोडसंच) क्लोन केली, पायटेस्ट (पायथनमधल्या टेस्ट चालवणारं साधन) चालवलं, आणि दोनशेपैकी दहा-बारा टेस्ट लाल झाल्या, म्हणजे नापास. संदेश एकच, ‘परमिशन डिनाइड’. शेजारच्या खुर्चीवरून सल्ला येतो, ‘‘सुडो लाव की पुढे.’’ सुडो म्हणजे एखादी कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, नावाने चालवणारा प्रोग्राम. तो लावला की सगळं हिरवं होतं, आणि ती कमांड टीमच्या रीडमी फाइलमध्ये कायमची जाऊन बसते.

मी स्वतः अशा एका रीडमीवर दीड वर्ष काम केलं. आमच्या सूटमध्ये (टेस्टच्या संचात) एक टेस्ट होती: कॉन्फिगरेशनची फाइल वाचता आली नाही, तर प्रोग्रामने तसं स्पष्ट सांगावं. टेस्ट त्या फाइलवरचे परवानगीचे सगळे बिट काढून घ्यायची आणि मग प्रोग्रामला ती उघडायला लावायची. सुडोखाली ही टेस्ट कधीच पास होत नसे, कारण रूटला ते बिट अडवतच नाहीत. फाइल सरळ उघडायची. माझ्या आधीच कुणीतरी ती ‘अस्थिर’ असा शेरा मारून वगळली होती. पुढे ग्राहकाच्या मशीनवर नेमकी तीच चूक निघाली. फाइल वाचता येत नव्हती आणि प्रोग्राम एक शब्द न बोलता बंद पडत होता. टेस्ट बरोबर होती, आम्ही ती चुकीच्या युजरच्या नावाने चालवत होतो.

तेव्हापासून मी एकच रीत पाळतो आणि नव्यांना तीच शिकवतो. टेस्टचा सगळा रन आपल्या साध्या युजरनेच चालवायचा, आणि वरची परवानगी फक्त ज्या कृतीला ती लागते तेवढ्या कृतीला द्यायची. ते कसं साधायचं, हे पुढे पायरीपायरीने सांगतो. उदाहरणं उबुंटू किंवा डेबियन पद्धतीच्या लिनक्सवरची आहेत, टेस्ट पायथनच्या पायटेस्टमध्ये आहेत. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

पहिली पायरी: खरंच रूट लागतो का ते बघा

लाल झालेली टेस्ट एकटी चालवा आणि संदेश शब्दन् शब्द वाचा. ‘परमिशन डिनाइड’ आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हे दोन संदेश सारखे वाटतात, पण त्यांची मुळं बहुतेक वेळा वेगळी असतात. पहिला सहसा फाइल, फोल्डर किंवा डिव्हाइस तुमच्यासाठी खुलं नाही म्हणून येतो. दुसरा सहसा कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) तुमच्याकडे विशेष अधिकार हवा असतो तेव्हा येतो, जसं घड्याळ बदलणं, फाइलसिस्टम माउंट करणं, नेटवर्क इंटरफेस तयार करणं. (१०२४ खालचा पोर्ट हा अपवाद: तिथे अधिकार नसला तरी संदेश ‘परमिशन डिनाइड’ असाच येतो.) नेमकं काय अडलं ते कळत नसेल तर तीच टेस्ट ‘एसट्रेस’ या साधनाखाली चालवा, ते प्रोग्रामने कर्नलकडे केलेली प्रत्येक मागणी, म्हणजे सिस्टिम कॉल, दाखवतं. शेवटच्या काही ओळींत कोणती सिस्टिम कॉल नाकारली गेली ते दिसतं.

आता त्या दहा-बारा टेस्टची यादी करा. माझा अनुभव असा की निम्म्याहून अधिक नावं रूटशिवायच सुटतात.

सिरियल पोर्टवरच्या बोर्डाशी बोलणारी टेस्ट असेल, तर डेबियन-उबुंटूवर त्या डिव्हाइसचा ग्रुप ‘डायलआउट’ असतो. सिस्टिम बघणाऱ्याकडून त्या ग्रुपमध्ये नाव घालून घेतलं की काम झालं. व्हर्च्युअल मशीन वेगाने चालवायचं असेल तर ‘केव्हीएम’ ग्रुप. इथे नवे लोक हमखास अडतात. ग्रुपमध्ये नाव घातलं तरी टेस्ट लालच राहते, कारण उघडं असलेलं टर्मिनल जुनेच ग्रुप धरून बसलेलं असतं. लॉगआउट करून परत या आणि ‘आयडी’ कमांडने ग्रुप दिसतोय का ते बघा. ‘डॉकर’ ग्रुप (डॉकर म्हणजे कंटेनर, प्रोग्रामसाठीच्या बंदिस्त जागा, चालवणारं साधन) मात्र या पंगतीतला नाही. त्यात असलेला माणूस यजमान मशीनची संपूर्ण डिस्क कंटेनरमध्ये माउंट करून काहीही बदलू शकतो. त्या ग्रुपमध्ये नाव घालणं म्हणजे रूटचा अधिकार देणं, तो तसा समजूनच द्यावा.

सर्व्हर ८० नंबरच्या पोर्टवर ऐकतो म्हणून टेस्ट अडत असेल, तर दोष बहुधा प्रोग्रामचा आहे. पोर्टचा आकडा कॉन्फिगरेशनमधून घेता आला पाहिजे. टेस्टमध्ये तो शून्य द्या, कर्नल कोणताही मोकळा पोर्ट देतं, आणि दोन टेस्ट एकाच वेळी चालल्या तरी भांडण होत नाही. ८० हाच हवा असेल, तर लिनक्स ४.११ पासून ‘आयपी_अनप्रिव्हिलेज्ड_पोर्ट_स्टार्ट’ नावाची सेटिंग आहे. १०२४ ही मर्यादा तिथे खाली आणता येते. हे अख्ख्या मशीनला लागू होतं, म्हणून टेस्टसाठी राखलेल्या मशीनवरच करा.

फायरवॉल, राउटिंग, आभासी इंटरफेस अशा नेटवर्कच्या टेस्टसाठी लिनक्सवर एक फार सुंदर सोय आहे आणि ती नव्यांना क्वचितच कुणी दाखवतं. ‘अनशेअर’ ही कमांड -आर आणि -एन या पर्यायांसह चालवली की नवा शेल मिळतो. त्यात तुम्ही रूट असता, पण फक्त त्या बंद नेमस्पेसच्या (मशीनपासून वेगळ्या काढलेल्या कप्प्याच्या) आत. तिथे इंटरफेस बनवा, नियम टाका, ८० वर ऐका, बाहेरच्या मशीनला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि शेल बंद केला की सगळं नाहीसं होतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. नव्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये लूपबॅक (मशीनने स्वतःशीच बोलायचा) इंटरफेस बंद असतो, तो ‘आयपी लिंक सेट एलओ अप’ने सुरू करावा लागतो, नाहीतर १२७.०.०.१ सुद्धा लागत नाही आणि अर्धा दिवस जातो. दुसरं, उबुंटू २४.०४ मध्ये साध्या युजरच्या नेमस्पेसवर ॲपआर्मर या सुरक्षा-व्यवस्थेने बंधन घातलं आहे. तिथे ही युक्ती अडली तर तुमची चूक नाही. तुमच्या टेस्ट-रनरसाठी वेगळं ॲपआर्मर प्रोफाइल करून घ्यावं लागतं. मशीनभर ते बंधन काढून टाकायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका.

एक्स्ट-४ सारखी डिस्क इमेज माउंट करणं मात्र अशा नेमस्पेसमध्ये जमत नाही. घड्याळ बदलणं, कर्नल मॉड्यूल चढवणं, सिस्टिमडी सांभाळत असलेली पार्श्वभूमीतली सेवा पुन्हा सुरू करणं, यांनाही खरा अधिकार लागतो. आता पुढचं सगळं या उरलेल्या टेस्टसाठी.

दुसरी पायरी: त्या टेस्ट बाजूला काढा

पायटेस्टमध्ये या टेस्टना एक मार्कर (खूणचिठ्ठी) लावा. समजा त्याचं नाव ‘रूट’. मार्कर कॉन्फिगरेशनमध्ये नोंदवा, म्हणजे स्पेलिंग चुकलं तर सावध करणारा संदेश मिळेल. परवानगी नसलेल्या मशीनवर या टेस्ट लाल होऊ नयेत, कारणासकट वगळल्या जाव्यात. नवा माणूस पहिल्या दिवशी सूट चालवतो तेव्हा ‘१८८ पास, १२ वगळल्या, कारण: रूट मदतनीस उपलब्ध नाही’ असं दिसलं, तर त्याला परिस्थिती कळते (हा मदतनीस पाचव्या पायरीत येतो).

पण वगळलेली टेस्ट निमूट हिरव्या रंगात मिसळून जाते, हा मोठा धोका आहे. लिनक्स कर्नलच्या स्वतःच्या टेस्ट-संचात याची चांगली सोय आहे. रूट नसेल तर त्यातल्या अनेक स्क्रिप्ट ४ हा एक्झिट कोड देऊन थांबतात. शून्य म्हणजे पास, ४ म्हणजे वगळली, असा तिथे स्पष्ट संकेत आहे. आपल्याकडे निदान एवढं करा: सीआयवर (कोडमधल्या बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा, आणि ते असताना ‘रूट’ मार्करची टेस्ट वगळली गेली तर रन नापास करा. लॅपटॉपवर वगळणं चालेल. जिथे त्या टेस्ट चालाव्यात म्हणून मशीन राखलं आहे, तिथे नाही.

तिसरी पायरी: फेकून देता येईल असं मशीन घ्या

रूटने चालणारी टेस्ट स्वतःच्या रोजच्या लॅपटॉपवर चालवू नका. टेस्टमध्ये चुका असतात, म्हणूनच आपण त्या पुन्हापुन्हा चालवतो. सर्वांत निर्धास्त जागा म्हणजे व्हर्च्युअल मशीन. स्वच्छ स्थितीत स्नॅपशॉट घ्या, टेस्ट चालवा, परत स्नॅपशॉटवर या.

कंटेनर हलका आणि वेगवान असतो, पण त्याला व्हर्च्युअल मशीन समजू नका. कर्नल यजमानाचंच असतं. कंटेनरमधून घड्याळ बदललं तर यजमानाचं घड्याळ बदलतं, मॉड्यूल चढवलं तर यजमानावर चढतं. डॉकरच्या नेहमीच्या मांडणीत आतला रूट हा बाहेरचाही शून्य क्रमांकाचाच युजर असतो, फक्त त्याचे अधिकार छाटलेले असतात. लिनक्सने रूटची ताकद चाळीसेक तुकड्यांत वाटली आहे, त्यांना कॅपॅबिलिटी म्हणतात. डॉकर त्यांतल्या १४ आपणहून देतं. टेस्टला नेटवर्क बदलायचं असेल तर ‘नेट_ॲडमिन’ ही एक कॅपॅबिलिटी ‘कॅप-ॲड’ पर्यायाने वाढवा. इंटरनेटवरच्या बहुतेक उत्तरांत ‘प्रिव्हिलेज्ड’ हा पर्याय सुचवलेला असतो. तो सगळ्या कॅपॅबिलिटी देतो, शिवाय यजमानाची सगळी डिव्हाइसही आत उघडी करतो. एका अधिकारासाठी एवढं उघडं टाकायची गरज नसते.

चौथी पायरी: सुडो नेमकं काय बदलतो ते समजून घ्या

नव्यांचे सर्वाधिक तास इथे जातात, म्हणून थोडं सविस्तर.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरतं वेगळं पायथन आणि त्याची पॅकेजं) चालू आहे, पायटेस्ट नीट चालतंय, आणि ‘सुडो पायथन’ लिहिलं की ‘पायटेस्ट नावाचं मॉड्यूल नाही’ असं उत्तर येतं. कारण सुडो तुमचं एन्व्हायर्नमेंट जवळजवळ सगळं पुसतो आणि कमांड शोधायचा मार्गही आपला, ठरावीक वापरतो. त्यामुळे सिस्टिमचं पायथन चालतं, तुमचं नाही. इथे पुढची चूक टपूनच बसलेली असते: ‘सुडो पिप इन्स्टॉल’ (पिप हे पायथनची पॅकेजं बसवणारं साधन). तसं केलं की सिस्टिमच्या पायथनमध्ये ढवळाढवळ होते. डेबियन १२ पासून पिप त्याला सरळ नकार देतं, आणि तो नकार जबरदस्तीने मोडायचा पर्याय वापरू नये. उपाय साधा आहे. सुडोपुढे आपल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता लिहा, पुढे ‘-एम पायटेस्ट’. तेवढ्याने योग्य पायथन आणि योग्य पॅकेजं मिळतात.

एखादं व्हेरिएबल आत न्यायचंच असेल तर ‘प्रिझर्व्ह-एन्व्ह’ पर्यायाला त्याचं नाव द्या (सिस्टिमच्या नियमांत त्याला मुभा असावी लागते). ‘-ई’ लावून सगळंच आत नेऊ नका. तुमच्या शेलमध्ये असलेले टोकन आणि पासवर्ड रूटच्या प्रोसेसमध्ये, तिथून तिच्या लॉगमध्ये जाऊ शकतात.

‘सुडो एको’ लिहून पुढे ‘>’ या खुणेने सिस्टिमच्या फाइलमध्ये लिहायला गेलात तर परवानगी नाकारलीच जाते. ती खूण तुमचा शेल हाताळतो, आणि तो सुडोखाली नसतो. तिथे ‘सुडो टी’ वापरा, ‘टी’ ही कमांड मिळालेला मजकूर फाइलमध्ये लिहिते.

पासवर्डचं काय? सीआयवर टर्मिनल नसतं. सुडोने पासवर्ड मागितला तर टेस्ट लटकते किंवा न कळणारा संदेश देऊन मोडते. स्क्रिप्टमध्ये सुडो नेहमी ‘-एन’सह लिहा, म्हणजे पासवर्ड लागणार असेल तर तो लगेच नापास होतो आणि कारण दिसतं. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून पाइपने देणारे सल्ले अजून फिरतात. तसं केलेलं कोड मी रिव्ह्यूमध्ये कधीच पुढे जाऊ देत नाही, कारण तो पासवर्ड गिटच्या इतिहासात कायमचा राहतो. हाताने चालवताना आणखी एक अडचण येते. एकदा दिलेला पासवर्ड सुडो थोडा वेळच लक्षात ठेवतो, उबुंटूवर १५ मिनिटं. सूट चाळीस मिनिटांची असेल तर शेवटच्या टेस्ट पासवर्डपाशी अडतात, आणि दोष टेस्टचा वाटतो.

रूटने चालवल्यावर उलट बाजूनेही काही मोडतं. पोस्टग्रेसचा सर्व्हर रूटने सुरू व्हायला नकारच देतो. क्रोम ब्राउझर रूटखाली सँडबॉक्स बंद केल्याशिवाय उघडत नाही, आणि मग लोक सँडबॉक्स बंद करतात. ब्राउझरच्या टेस्टना रूट मुळात हवाच कशाला होता, हा प्रश्न तिथे विचारला जायला हवा.

पाचवी पायरी: लहान मदतनीस स्क्रिप्ट, आणि तिलाच परवानगी

ही माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी. टेस्टला रूटने करून हव्या असलेल्या कृती मोजक्या असतात: सेवा पुन्हा सुरू कर, इमेज माउंट कर, अनमाउंट कर. त्या एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये ठेवा. समजा नाव ‘टेस्ट-मदतनीस’. तिला ठरावीक शब्दच कळावेत: तपासणी, पुनरारंभ, माउंट, अनमाउंट. दुसरं काही आलं तर तिने नकार द्यावा. फाइलचा मार्ग टेस्टकडून घेऊ नका, मार्ग स्क्रिप्टमध्येच पक्का लिहा. टेस्ट साध्या युजरने चालतील आणि गरज पडेल तिथे ‘सुडो -एन’ने हिला हाक मारतील. ‘तपासणी’ हा शब्द काहीच करत नाही, फक्त यशस्वी होतो. मार्करच्या टेस्ट वगळायच्या की नाही, हे त्यावरून ठरवा.

ही फाइल /यूएसआर/लोकल/एसबिन मध्ये ठेवा. मालक रूट, आणि लिहिण्याची परवानगी दुसऱ्या कुणालाही नाही. रिपॉझिटरीतल्या स्क्रिप्टलाच सुडोची परवानगी देणं ही मी पाहिलेली सगळ्यात सामान्य चूक आहे. जी फाइल तुम्ही स्वतः बदलू शकता ती रूटने चालते, याचा अर्थ तुम्ही काहीही रूटने चालवू शकता. मग नियम लिहिण्यात अर्थच राहत नाही. तिच्या वरची फोल्डरंही रूटचीच असावीत, नाहीतर जुनी फाइल हलवून नवी ठेवता येते.

आता परवानगीचा नियम. तो ‘व्हिसुडो’नेच लिहा, साध्या एडिटरने नाही. व्हिसुडो जतन करण्याआधी व्याकरण तपासतो, आणि नियमात चूक राहिली तर सुडोच बंद पडू शकतो. बदल करताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये एक रूट शेल उघडा ठेवा. /ईटीसी/सुडोअर्स.डी या फोल्डरमध्ये (सुडोअर्स म्हणजे सुडोचे नियम) वेगळी फाइल करा. तिच्या नावात टिंब नको. टिंब असलेली किंवा शेवटी नागमोडी खूण असलेली फाइल सुडो वाचतच नाही, आणि तसं सांगतही नाही. ओळीचा साचा असा:

चाचणी ऑल=(रूट) नोपासडब्ल्यूडी: /यूएसआर/लोकल/एसबिन/टेस्ट-मदतनीस पुनरारंभ

‘चाचणी’ हे युजरचं नाव. प्रत्येक शब्दासाठी पूर्ण कमांड लिहा, स्वल्पविरामाने जोडा. कमांडपुढे काहीच लिहिलं नाही तर कोणतेही आर्ग्युमेंट चालतात, हे अनेकांना माहीत नसतं. आर्ग्युमेंट अजिबात नको असतील तर रिकामी दुहेरी अवतरणचिन्हं लिहावी लागतात. तारांकन वापरू नका. आर्ग्युमेंटमध्ये ते स्लॅशलाही आणि मोकळ्या जागेलाही जुळतं, आणि एका फोल्डरपुरती दिलेली परवानगी सगळीकडे पसरते. एकाहून जास्त नियम लागू होत असतील तर शेवटचा चालतो. संपादक, पायथन, टार, फाइंड यांना थेट परवानगी देऊ नका. या सगळ्यांतून शेल उघडता येतो.

नियम झाला की त्या युजरने ‘सुडो -एल’ चालवून बघा. तुम्ही जे द्यायचं ठरवलं होतं तेवढंच दिसलं पाहिजे.

आणि सुडो अद्ययावत ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्यातली एक चूक जाहीर केली होती. ती २०११ पासून कोडमध्ये होती, आणि सुडोअर्समध्ये नाव नसलेला साधा युजरही तिच्यामुळे रूट होऊ शकत होता.

सहावी पायरी: मागे उरलेलं आवरा

काही टेस्ट पायथनच्या आतूनच कच्चं सॉकेट (नेटवर्कची पाकिटं थेट हाताळणारी जोडणी) उघडतात, तिथे मदतनीस पुरत नाही आणि तेवढी फाइल सुडोखाली चालवावी लागते. मग मागे रूटच्या मालकीच्या फाइली उरतात: पायथनची कॅश फोल्डरं, पायटेस्टची कॅश, कव्हरेजची फाइल, लॉग. दुसऱ्या दिवशी साध्या युजरने टेस्ट चालवल्या की भलत्याच ठिकाणी ‘परमिशन डिनाइड’ येतं, आणि नवा माणूस पुन्हा सुडो लावतो. हे चक्र असंच वाढत जातं. सीआयच्या कायमस्वरूपी मशीनवर तर पुढचा जॉब जुनं वर्कस्पेस पुसूच शकत नाही.

आधीच टाळा. अशा रनमध्ये पायथनला बाइटकोड लिहू नको असं व्हेरिएबलने सांगा (सुडोपुढे ‘एन्व्ह’ लावून, नाहीतर ते आत पोचत नाही), आणि पायटेस्टचा कॅश प्लगइन बंद करा. तरी काही उरलंच तर सुडो आपल्या प्रोसेसला ‘सुडो_यूआयडी’ आणि ‘सुडो_जीआयडी’ देतो. रन संपताना फाइलींची मालकी त्या आकड्यांवर परत करा. रिपॉझिटरीत ‘फाइंड’ला ‘-युजर रूट’ देऊन काही सापडतंय का, हे सीआयच्या शेवटी तपासणंही चांगलं. कंटेनरमध्ये रिपॉझिटरी माउंट करून टेस्ट चालवता तेव्हा हाच त्रास होतो, तिथे ‘युजर’ पर्यायाने आपला आकडा द्या.

गिट ‘डुबियस ओनरशिप’ म्हणून काम करायला नकार देऊ लागलं, तरी मूळ बहुधा हेच. एप्रिल २०२२ मधल्या २.३५.२ आवृत्तीपासून गिट दुसऱ्याच्या मालकीची रिपॉझिटरी सहज उघडत नाही. ‘सेफ डिरेक्टरी’मध्ये तारांकन टाकून ती तपासणी बंद पाडण्यापेक्षा मालकी सुधारा.

माउंट केलेली इमेज, बनवलेला इंटरफेस, बदललेली सेटिंग हेही परत करायचं असतं. शेल स्क्रिप्टमध्ये ‘ट्रॅप’ला ‘एक्झिट’ देऊन आवराआवर लिहा, पायटेस्टमध्ये फिक्स्चरच्या (टेस्टची तयारी करणाऱ्या फंक्शनच्या) ‘यील्ड’नंतर. पण प्रोसेस सिगकिलने (तत्काळ मारणाऱ्या सिगनलने) मारली गेली तर यातलं काहीच चालत नाही, आणि सीआयवर जॉब रद्द झाला की शेवटी बहुधा तेच होतं. म्हणून आवराआवर टेस्टच्या सुरुवातीलाही करा. मागच्या रनचा इंटरफेस उरला असेल तर आधी काढा, मग नवा बनवा.

पुसण्याच्या कमांडबद्दल मी फार कडक आहे. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपच्या स्क्रिप्टमधली चूक गाजली होती. फोल्डरचा मार्ग ठेवणारं व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि ‘त्या मार्गाखालचं सगळं पूस’ याचा अर्थ ‘मुळापासूनचं सगळं पूस’ असा झाला. स्क्रिप्ट साध्या युजरने चालत होती, तरी लोकांच्या होम फोल्डरमधल्या फाइली गेल्या. रूटने चालली असती तर मशीनच उरलं नसतं. मदतनीस स्क्रिप्टच्या वर ‘सेट -ईयू’ लिहा, म्हणजे न ठरवलेलं व्हेरिएबल वापरताच ती थांबेल. पण ठरवलेलं आणि रिकामं व्हेरिएबल त्यातून निसटतं. त्यासाठी महिरपी कंसात नावापुढे विसर्गासारखी खूण आणि प्रश्नचिन्ह हा शेलचा प्रकार वापरा, मूल्य रिकामं असलं तरी तो स्क्रिप्ट थांबवतो.

टाइमआउटची एक गंमतशीर वाटणारी पण खूप छळणारी गोष्ट इथेच सांगतो. पायथनमधून सुडोची कमांड सुरू केली आणि साठ सेकंदांची मुदत दिली. मुदत संपल्यावर पायथन ती प्रोसेस मारायला जातं आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ मिळतं. साधा युजर रूटची प्रोसेस मारू शकत नाही. टर्मिनलवर कंट्रोल-सी चालतं, कारण तो सिगनल कर्नल टर्मिनलमार्फत देतं. म्हणून घरी बरोबर चालणारी टेस्ट सीआयवर लटकून राहते. मुदत सुडोच्या आत हवी. मदतनीस स्क्रिप्टमध्येच लांबणाऱ्या कमांडपुढे ‘टाइमआउट ६०’ लिहा.

सीआय, विंडोज आणि मॅक

गिटहबच्या स्वतःच्या लिनक्स रनरवर (सीआयचे जॉब चालवणाऱ्या मशीनवर) सुडोला पासवर्ड लागत नाही आणि प्रत्येक जॉबला नवं व्हर्च्युअल मशीन मिळतं. रूटच्या टेस्टसाठी ही उत्तम जागा. स्वतःचं मशीन रनर म्हणून जोडणार असाल, तर सार्वजनिक रिपॉझिटरीला जोडू नका. कुणीही फोर्क करून पुल रिक्वेस्टमधून आपलं कोड तुमच्या मशीनवर चालवू शकतो. गिटहबची स्वतःची सूचनाही हीच आहे.

विंडोजवर वरच्या परवानगीने चालणाऱ्या खिडकीला साध्या परवानगीची प्रोसेस क्लिक किंवा कळा पाठवू शकत नाही. व्हिस्टापासून हे असंच आहे. यूआयच्या (खिडक्या-बटणं वापरून बघणाऱ्या) टेस्ट काहीही संदेश न देता नुसत्या काहीच करत नसतील, तर आधी हे तपासा. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि ॲक्सेसिबिलिटीच्या परवानग्या सेटिंगमध्ये त्या-त्या ॲपला द्याव्या लागतात. तिथे सुडो लावून उपयोग नाही.

परवानगी मागताना

कंपनीच्या मशीनवर हे सगळं करायला सिस्टिम टीमची संमती लागते, आणि ‘मला सुडो हवा आहे’ एवढंच लिहिलेलं तिकीट सहसा परत येतं. परत पाठवणाऱ्याचं बरोबरच असतं. नेमकं मागितलं तर देणाऱ्यालाही सोपं जातं. मी असं लिहितो:

‘‘नमस्कार. टेस्ट सर्व्हरवरच्या ‘चाचणी’ या युजरला सोबत जोडलेल्या मदतनीस स्क्रिप्टच्या चार कमांड पासवर्डशिवाय चालवायची परवानगी हवी आहे. स्क्रिप्ट ४० ओळींची आहे, ती एकदा वाचून बघावी. तिचा मालक रूट असेल आणि आमच्यापैकी कुणालाही ती बदलता येणार नाही. सुडोअर्सची प्रस्तावित ओळ खाली दिली आहे. या मशीनवर ग्राहकांची माहिती नाही, आणि ते दर रविवारी स्नॅपशॉटवरून नव्याने उभं केलं जातं. प्रकल्प संपल्यावर ही परवानगी काढून घेण्यासाठी मीच तिकीट टाकेन.’’